टेलकडून हेडकडे : फरगाण्याच्या खोऱ्यातून सूसामिरच्या कुरणापर्यंत

माझी भाची किर्गिझस्तानातल्या ओश शहरात एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला आहे. जूनमध्ये परीक्षा संपली की तिला घेऊन यायचं, या निमित्तानं मी आणि बायको निघालो. सरळ ओशला न जाता ताश्कंदला उतरायचं आणि उझबेकिस्तानच्या सपाटीवरून हळूहळू वर चढत जायचं, हा हट्ट माझा. 31 वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, त्यातली बरीचशी कऱ्हाडच्या आसपास. कालवा बघायचा तर टेलकडून, म्हणजे शेवटच्या टोकाकडून, हेडकडे, म्हणजे पाणी सुटतं त्या मुखाकडे चालत जावं, हे तिथंच शिकलो. हेडला सगळं छान दिसतं. पाणी खरं किती पोचतं ते टेलला कळतं.

दिवस पहिला : ताश्कंद

दिल्लीहून विमान जेमतेम तीन तासांचं. घड्याळ अर्धा तास मागे घेतलं आणि बाहेर पडलो.

रस्त्यावर पहिल्यांदा नजरेत भरले ते पाट. फूटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये हातभर रुंदीचा सिमेंटचा चर, त्यातून खळाळणारं पाणी आणि कडेनं चिनार, तुती. इथं त्याला अरिक म्हणतात. उन्हाळ्यात पाऊस जवळपास नसतोच, तरी शहर हिरवंगार, कारण पाणी झाडाच्या बुंध्यापर्यंत आपल्या उतारानं चालत जातं. गावोगावी हे पाणी वाटून देणारा माणूस असायचा, त्याला मीराब म्हणत. आपला पाटकरीच. मी दोन चौक त्या चराच्या कडेकडेनं चालत गेलो.

दुपारी शास्त्रीजींच्या पुतळ्यापाशी गेलो. 10 जानेवारी 1966 ला इथं करार झाला आणि त्याच रात्री, 11 तारीख लागल्यावर, ते गेले. संरक्षणमंत्री म्हणून आमच्या कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण त्या शिष्टमंडळात होते. प्रीतिसंगमावर त्यांच्या समाधीला मी किती वेळा गेलो असेन, पण त्या जानेवारीच्या रात्री ते या शहरात होते हे इथं उभं राहिल्यावरच जाणवलं. बायकोनं पिशवीतली चार फुलं ठेवली.

संध्याकाळी चोरसू बाजार. निळ्या घुमटाखालचा भाग बघून नानवाल्यांच्या रांगेत शिरलो. नान गोल, कडेला फुगलेला, मधोमध ठशानं नक्षी टोचलेली. एक विकत घेतला आणि पैसे काढण्यासाठी बाजूच्या फळीवर ठेवला. दुकानातल्या बाईंनी काही न बोलता तो उचलला आणि उलटा करून ठेवला. म्हणजे सुलटा, मीच पालथा ठेवला होता. नान पालथा ठेवणं इथं अन्नाचा अपमान समजतात. ताटात पाय लागला की आपण हात लावून नमस्कार करतो, तसंच हे. मी हात जोडले, त्यांनी छातीवर हात ठेवला.

दिवस दुसरा : बोगदा, मर्गिलान, तुती

सकाळची अंदिजानची गाडी. फरगाण्याचं खोरं सुमारे 300 किलोमीटर लांबीचं, जवळजवळ सगळीकडून डोंगरांनी वेढलेलं आणि पश्चिमेला चिंचोळं तोंड असलेलं. तोंडाशी ताजिकिस्तान. त्यामुळे पूर्वी रेल्वेनं उझबेकिस्तानातून उझबेकिस्तानात जायचं तरी वाटेत दुसरा देश लागे. 2016 मध्ये कुरामा डोंगराखालून 19.2 किलोमीटरचा बोगदा झाला आणि तो वळसा संपला. पंधराएक मिनिटं खिडकीबाहेर काळोख होता. बाहेर आलो तर उजेड, धूळ आणि कपाशी.

रोपं वीतभर झाली होती, बायका ओळींमधून खुरपत होत्या. अधूनमधून जमिनीवर पांढरट थर दिसत होते. ही क्षारपड जमीन. सांगली-कोल्हापूरकडे नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात हेच पाहिलंय : पाणी जास्त, निचरा कमी, की खालचं मीठ वर येतं. सोव्हिएत काळात या खोऱ्यावर आणि सगळ्या मध्य आशियावर कापसाचं उद्दिष्ट लादलं होतं. त्यासाठी दोन्ही दर्यांचं, म्हणजे सिरदर्या आणि अमूदर्याचं, पाणी उपसलं आणि 1960 नंतर अरल समुद्र आटत गेला. इथले शेतकरी आणि शाळकरी मुलं सक्तीनं कापूस वेचत असत. राज्याचा कापसाचा कोटा 2020 मध्ये रद्द झाला.

मर्गिलानला उतरलो. हे रेशमाचं गाव. कालव्याच्या कडेनं तुतीच्या रांगा, त्यांच्या फांद्या दरवर्षी बुडापासून छाटलेल्या, म्हणून झाडं मुठी वळल्यासारखी दिसतात. पाला अळ्यांना, मुळं बांध धरून ठेवायला. पाट आणि रेशीम हे इथं एकाच व्यवस्थेचे दोन भाग आहेत हे पाहताक्षणी पटतं. उझबेकीत तुतीला तुतच म्हणतात. अंजिराला अंजीर. सप्ताळूला शफ्तोली. बायकोनं बाजारात बोट दाखवून एकेक नाव विचारलं आणि निम्म्याला तीच आधी बोलली. फसली एका ठिकाणी : सब्जी मागितली, तर हातात गाजरं पडली. इथं गाजरालाच सब्जी म्हणतात.

योदगोरलिक कारखान्यात हातानं चालणारी सगळी प्रक्रिया बघायला मिळते. कढईत कोश उकळतात, धाग्यांची टोकं पकडून रहाटावर घेतात. मग ताणा बांधून रंगवतात : जिथं रंग नको तिथं दोऱ्यानं घट्ट आवळायचं, बुडवायचं, सोडायचं, परत दुसरीकडे आवळायचं. या बांधणीच्या कारागिरीला अब्रबंदी म्हणतात, म्हणजे ढग बांधणं. रंगाच्या कडा पसरट होतात, ढगाच्या असतात तशा. पोचमपल्ली विणताना बायकोनं हैदराबादजवळ पाहिलं होतं, तिला हात लावून बघितल्याशिवाय राहवेना. मागावरच्या बाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. दोघींची भाषा एक नव्हती, तरी अर्धा तास बोलत होत्या.

दिवस तिसरा : मोठा कालवा आणि अंदिजान

गाडीवाल्याला सांगून वाट वाकडी केली आणि मोठ्या फरगाणा कालव्यावर गेलो. 1939 च्या उन्हाळ्यात सुमारे 1 लाख 60 हजार माणसांनी कुदळ-फावड्यानं 45 दिवसांत खणलेला हा कालवा. कोरडे आकडे मी पूर्वी वाचले होते. प्रत्यक्ष काठावर उभा राहिलो तेव्हा आधी पात्राची रुंदी नजरेनं मोजली, मग 45 दिवस आठवले आणि गप्प झालो. हे काम स्वेच्छेचं होतं असं तेव्हाच्या सरकारनं जगाला सांगितलं. स्टालिनच्या राज्यात नाही म्हणायची मुभा कितीजणांना होती? 1972 च्या दुष्काळात आपल्याकडे रोजगार हमीवर खडी फोडलेली माणसं मी पाहिली आहेत. ती पोटासाठी आली होती, आणि तरी त्यांच्या हातांकडे बघवत नसे.

पाणी मात्र सुंदर वाहत होतं. दुधट हिरवं, बर्फाचं. मुलं पुलावरून उड्या मारत होती.

अंदिजान हे बाबराचं जन्मगाव. 14 फेब्रुवारी 1483. आपल्या शाळेच्या पुस्तकात तो 1526 साली पानिपतावर अवतरतो, जणू त्याआधी त्याला बालपणच नव्हतं. बाप उमर शेख मिर्झा अख्सीच्या किल्ल्यात कबुतरखान्यासकट दरीत कोसळून मेला तेव्हा हा अकरा वर्षांचा होता. गादी मिळाली, समरकंदचा हव्यास सुटला नाही, शेवटी दोन्ही गेलं. हिंदुस्थान जिंकल्यावरही तो मागे सोडलेल्या मुलखातली खरबुजं आठवत राहिला. एकदा खरबूज कापताना डोळ्यांत पाणी आलं असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. त्यानं आपल्या देशात केलेलं विसरायचं कारण नाही. पण एवढा माणूस ज्या गावात जन्मला ते गाव बघावं असं मला फार दिवस वाटत होतं. जर्दाळूंनी लगडलेल्या आळ्या, मातीच्या भिंती, दारापुढं पाणी शिंपडलेलं. बघितलं.

दुपारी सीमा. नाक्याचं नाव दोस्तलिक, म्हणजे दोस्ती. बॅगा ओढत चालतच ओलांडायची. रांगेत बहुतेक बायका, कपड्यांच्या गाठोड्यांसकट, कुणी लग्नाला, कुणी आईकडे. 2010 पासून सात वर्षं हा नाका सर्वसामान्यांना बंद होता. बहीण पलीकडे दिसेल एवढ्या अंतरावर आणि भेटायचं तर दूरच्या नाक्यांवरून आणि तेही कारण दाखवून. सप्टेंबर 2017 मध्ये उघडला. आम्हांला दोन्ही बाजू मिळून पाऊण तास लागला. शिक्का बसला, घड्याळ एक तास पुढे गेलं. आता भारताच्या अर्धा तास पुढे. पाट्यांची लिपीही बदलली, रोमनच्या जागी रशियन अक्षरं आली. फाटकाबाहेर भाची उभी होती. "मामा, मामी, किती वाळलात तुम्ही!" असं म्हणून तिनंच रडायला सुरुवात केली.

दिवस चौथा : ओश

ओश शहर सीमेला चिकटून आहे. शहराच्या मधोमध सुलेमान-तू हा पाच शेंड्यांचा खडकाळ डोंगर, 2009 पासून जागतिक वारसा. मुसलमानांच्या आधीपासून इथं लोक नवसाला येतात. एका ठिकाणी खडक घसरगुंडीसारखा उतरता आहे. शतकानुशतकं बायका मूल व्हावं म्हणून, म्हाताऱ्या पाठदुखी जावी म्हणून त्यावरून घसरत आल्या, आणि दगड आरशासारखा गुळगुळीत झालाय. आमच्यासमोर एक आजी नातीचा हात धरून तीनदा घसरल्या. वर बाबरानं बांधलेल्या छोट्या खोलीची नव्यानं उभारलेली प्रतिकृती आहे. तिथून पश्चिमेला सपाट, हिरवं उझबेकिस्तान दिसतं आणि दक्षिणेला पामीर-अलायची बर्फाळ कड.

खाली आक-बुरा नदीकाठच्या जायमा बाजारात टोप्या बघत हिंडलो. उझबेक माणसाची दोप्पी : काळी, चौकोनी, पांढऱ्या धाग्यानं बदाम काढलेला. किर्गिझांचा कल्पाक : पांढऱ्या लोकरीच्या नमद्याचा, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाचा, उंच, बर्फाच्या शिखरासारखा. एक टोपी शेत, बाग, दुकान करणाऱ्यांची. दुसरी मेंढ्या-घोड्यांमागे डोंगर चढणाऱ्यांची. बाजारात दोघं शेजारी बसतात. जून 2010 मध्ये याच शहरात दोन्ही समाजांत दंगल पेटली. चारशेहून अधिक माणसं मेली, हजारो बायकामुलं त्या दोस्तीच्या नाक्याकडे पळाली. भाचीच्या घरमालकीण उझबेक आहेत. त्या दिवसांबद्दल त्या बोलत नाहीत, आणि भाची विचारत नाही. तिनं एवढंच सांगितलं की त्यांच्या अंगणातला एक जुना अक्रोड अर्ध्या बाजूनं जळलेला आहे आणि दुसऱ्या बाजूला अजून फळं धरतो.

रात्री भाचीच्या मैत्रिणींनी जेवायला बोलावलं. लातूरची एक, नगरची एक, जळगावच्या दोघी. आम्ही नेलेले पोहे सकाळसाठी राखून ठेवले आणि रात्री पलाव शिजवला, गाजर आणि मटण घालून. पेशंटशी बोलायला रशियन शिकावंच लागतं, आणि म्हाताऱ्या पेशंटसाठी थोडं किर्गिझ, थोडं उझबेक. नगरची मुलगी म्हणाली, "काका, आधी नाडी बघायला शिकलो की 'कुठं दुखतं' विचारायला, तेच आठवत नाही."

दिवस पाचवा : उझगेन

तासाभराच्या अंतरावर उझगेन. काराखानी राजवटीतला विटांचा मिनार, आज 27.5 मीटर, आणि बाराव्या शतकाच्या आसपासच्या तीन कबरी. विटांवरचं कोरीवकाम इतकं बारीक की उन्हात ते विणलेलं वाटतं. पण मी तिथं फार थांबलो नाही, टेकडीच्या कडेवर गेलो. खाली कारादर्या पसरली होती आणि काठाला भाताची खाचरं. उझगेनचा देवझिरा तांदूळ तांबूस असतो, पलावासाठी दोन्ही देशांत नावाजलेला.

हीच नदी खाली केंपिर-आबादच्या धरणात शिरते. सोव्हिएत काळात धरण उझबेक शेतीसाठी बांधलं, बुडाली ती बरीचशी किर्गिझ बाजूची जमीन. देश वेगळे झाल्यावर धरण कुणाचं, यावर तीस वर्षं घोळ चालला. 2022 च्या शेवटी करार झाला : जलाशयाची जमीन उझबेकिस्तानकडे, बदल्यात किर्गिझस्तानला दुसरीकडे जमीन, आणि पाण्याचं व्यवस्थापन दोघांचं मिळून. उझगेनच्या लोकांनी विरोध केला, विरोध करणारे कित्येक जण तुरुंगात गेले. आमच्या गाडीवाल्यांचे आजोबा त्या बुडीत गावातले. गाडीवाले रागानं बोलत होते, भाची मला अर्थ सांगत होती, आणि मला कोयनेचे विस्थापित आठवत होते. धरणाला साठ वर्षं उलटून गेली तरी त्यांच्या जमिनीच्या फायली मी हाताळल्या आहेत. करार योग्य होता असं माझं मत आहे. एका पाण्यावर दोन मालक असण्यापेक्षा एक समिती बरी. पण ज्याचं घर पाण्याखाली आहे त्याला आधी विचारायला हवं होतं.

दिवस सहावा : अर्सलानबोब

जगातलं सर्वांत मोठं नैसर्गिक अक्रोडांचं जंगल. कुणी लावलेलं नाही, पण शतकानुशतकं राखलेलं आहे. कुटुंबं वनखात्याकडून झाडांचे पट्टे भाड्यानं घेतात आणि शरद ऋतूत सगळं गाव जंगलात राहायला जातं. आता जूनमध्ये अक्रोड हिरवे, लिंबाएवढे. सावली इतकी दाट की भर दुपारी गारवा. गाव किर्गिझ डोंगरात, वस्ती बहुतेक उझबेकांची. दिवसभर चाललो, 80 मीटरचा धबधबा पाहिला, लवकर झोपलो. एवढी शांत झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

दिवस सातवा : नारिन आणि तोक्तोगुल

आजच्या दिवसासाठीच मी आलो होतो.

बिश्केकचा रस्ता उत्तरेला जातो. सोव्हिएत काळात तो दोन-तीन ठिकाणी उझबेक जमिनीतून सरळ जाई, तेव्हा सीमा नुसती नकाशावर होती. आता किर्गिझांनी डोंगराच्या पायथ्यानं वळशाचा रस्ता काढलाय, आणि डावीकडे शेतातून तारेचं कुंपण सोबत करतं. ताश-कोमूरनंतर नारिन नदीची घळ सुरू होते. पाण्याचा रंग पाचूसारखा. एकामागून एक पाच धरणं आहेत, आणि सगळ्यांत वरचं तोक्तोगुल : 215 मीटर उंच, साठा 19.5 अब्ज घनमीटर. मी मनात भागाकार केला. आपली कोयना 105 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. हे जवळपास 690. साडेसहा कोयना एका घळीत अडवल्या आहेत.

बाकी आकडे असे की मूळ वीजनिर्मिती 1200 मेगावॉट, कोयनेची 1960. पाणी साडेसहा पट आणि वीज कमी, हे बायकोला पटेना. मी समजावलं : आपण पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात पाडतो, ती उंची सह्याद्री देतो. इथं उंची फक्त धरणाची.

आणि भांडणही अगदी कोयनेच्याच जातीचं. किर्गिझांना थंडीत वीज हवी, म्हणजे हिवाळ्यात पाणी सोडायचं. खाली उझबेकांना, कझाकांना उन्हाळ्यात शेतीला हवं. सोव्हिएत काळात मॉस्कोनं तडजोड ठरवली होती : वरच्यांनी उन्हाळ्यात पाणी द्यायचं, खालच्यांनी हिवाळ्यात कोळसा आणि गॅस. 1991 नंतर गॅसला बाजारभाव लागला आणि पाणी फुकट राहिलं. मग वरच्यांनी हिवाळ्यात टर्बाइन फिरवली. खाली ऐन थंडीत पूर आणि ऐन कपाशीच्या दिवसांत टंचाई. 1998 मध्ये करार झाला, नीट चालला नाही. पाणी वर्षभर साठवून ठेवण्याचा काही खर्च असतो हे मान्य करायलाच खालची माणसं तयार नसतात. टेलच्या शेतकऱ्याला मी वर्षानुवर्षं भेटलोय, त्याची बाजू मला पाठ आहे. पण हेडवाल्याच्या घरातही थंडी असते. आता वरच्या अंगाला कंबाराता-1 हे 1860 मेगावॉटचं धरण किर्गिझ, कझाक आणि उझबेक असे तिघं मिळून बांधणार आहेत. खर्चात भागीदार असला की पाळीपत्रक, म्हणजे कुणाला कधी पाणी त्याचं वेळापत्रक, पाळलं जातं. हे होवो अशी मनापासून इच्छा आहे.

रात्री तोक्तोगुल गावात, जलाशयाकाठी. गावाला, धरणाला ज्याचं नाव ते तोक्तोगुल सातिलगानोव हे कोमुझ वाजवून गाणारे लोककवी होते, 1864 ते 1933. आपल्या शाहिराच्या नावानं एवढं धरण! त्यांचा चेहरा शंभर सोमच्या नोटेवर आहे. जुनं गाव जलाशयाखाली गेलं. ज्या घरी उतरलो तिथल्या आजोबांनी तीन तारांचा कोमुझ काढला आणि एक लहानशी चाल वाजवली, अर्ध्यात हात उलटा करून बोटांच्या पाठीनं तारा छेडल्या. विजेचा दिवा दोनदा मिणमिणला. बाहेर पाणी काळं आणि अगदी स्थिर.

दिवस आठवा : सूसामिर

सकाळी आला-बेल खिंड, तीन हजार मीटरच्या वर. जूनमध्येही कडेला बर्फ. पलीकडे सूसामिरचं खोरं उघडलं : झाड एकही नाही, नुसतं गवत, दूरवर घोड्यांचे कळप आणि पांढरे तंबू, ज्यांना किर्गिझ बोझ-उय म्हणतात. उन्हाळ्याचे चार महिने कुटुंबं इथं जाइलूवर, म्हणजे कुरणावर येऊन राहतात.

रस्त्याकडेच्या एका तंबूशी थांबलो. आत नमद्याचे शिरदाक गालिचे, वर छताच्या मधोमध तुंदुक, धूर जायचं गोल कडं, जे देशाच्या झेंड्यावर आहे. बाईंनी घोडीच्या दुधाचं कुमिस वाडग्यात ओतलं. ताकासारखं आंबट, जिभेला चुरचुरणारं, धुराचा वास असलेलं. बायकोला एका घोटात आवडलं. भाची चार वर्षांत शिकली नाही. आमच्याकडे ओशचा नान होता. बायकोनं तो पिशवीतून काढून दस्तरखानावर, म्हणजे जेवणाच्या कापडावर ठेवला, सुलटा, नक्षी वर. बाईंनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि पुढ्यात सायीचं भांडं सरकवलं.

तंबूमागे ओढा होता. मी हात बुडवले, बोटं बधिर झाली. हा ओढा सूसामिर नदीत, ती कोकोमेरेनमध्ये, ती नारिनमध्ये, मग तोक्तोगुल, मग उच-कुर्गानपाशी मोठ्या कालव्याचं हेड. मर्गिलानकडच्या तुतीच्या मुळाशी हे पाणी कधी पोचेल? बसल्या बसल्या हिशोब मांडला, पण धरणात किती महिने थांबवतील ते मला कुठं ठाऊक.

मग चढ, तो-आशूचा अरुंद बोगदा, डिझेलचा धूर. बाहेर पडलो तेव्हा उतार उत्तरेला होता. इथले ओढे चू नदीच्या बाजूला, कझाकिस्तानकडे निघाले होते. खाली बिश्केकची धूसर सपाटी दिसायला लागली. भाची मामीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती.